नासच्या 'इट वॉज रिटन'वर अन्याय झालाय, मोकळं बोलूया

सिंहगडरोडचा_निखिल

हिपहॉपवर गप्पा सुरू झाल्या की न्यूयॉर्कच्या रॅपर नासचं नाव निघतं, नासचं नाव निघालं की 'इलमॅटिक' निघतो, आणि मग कोणीतरी हमखास म्हणतंच की "पहिला अल्बम भारी होता राव, दुसऱ्यापासून विकला गेला". मला हे आता ऐकवत नाही म्हणून हा धागा. जरा लांबेल, पण वाचा.

आधी थोडं मागचं, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. 'इलमॅटिक' आला एप्रिल १९९४ मध्ये, तेव्हा नास वीस वर्षांचा. न्यूयॉर्कमधल्या क्वीन्सब्रिज या सरकारी वसाहतीत वाढलेला, वडील ओलू दारा जॅझ वाजवणारे, शाळा आठवीनंतर सुटलेली. अल्बममध्ये दहा ट्रॅक, चाळीस मिनिटांच्या आत खेळ खल्लास, आणि बीट (रॅपखालचं संगीत) द्यायला डीजे प्रीमिअर, पीट रॉक, क्यू-टिप, लार्ज प्रोफेसर. समीक्षकांनी डोक्यावर घेतला पण खप सुरुवातीला बेताचाच, रिलीजच्या आधीच चोरट्या कॅसेटी रस्त्यावर आल्या होत्या आणि चार्टवर तो बाराव्या नंबरावर उघडला. म्हणजे नाव झालं, पण पैसा त्या मानाने नाही.

मग २ जुलै १९९६ ला दुसरा अल्बम 'इट वॉज रिटन'. मॅनेजर नवा, स्टीव्ह स्टाउट. बरेचसे बीट ट्रॅकमास्टर्सचे, म्हणजे पोक आणि टोन ही जोडी, एलएल कूल जेचं 'हे लव्हर' करणारी. लॉरिन हिलच्या आवाजातला हूक (परत परत येणारी ओळ) असलेलं 'इफ आय रूल्ड द वर्ल्ड' रेडिओवर धो धो वाजलं आणि अल्बम थेट एक नंबरावर गेला. बस्स, झाला शिक्का तयार.

माझं म्हणणं असं की हा शिक्का मारणारे दोन सिंगल ऐकतात आणि उठतात. बीट चकचकीत झाले म्हणजे लेखणीपण बोथट झाली असं ते धरूनच चालतात. मी तर उलट म्हणेन, लेखणी या अल्बमवर जास्त धाडसी झालीये. 'इलमॅटिक'मध्ये बहुतेक वेळा तो आपल्या खिडकीतून जे दिसतंय ते सांगतो आणि ते अप्रतिम सांगतो, वादच नाही. पण दुसऱ्या अल्बमवर तो स्वतःच्या बाहेर पडतो, पात्रं उभी करतो, कट रचतो, गोष्टीला सुरुवात-मध्य-शेवट देतो, आणि हे सगळं यमकाची गुंफण जरासुद्धा सैल न सोडता.

'आय गेव्ह यू पॉवर' घ्या. आपण शाळेत निबंध लिहायचो ना, 'मोडक्या छत्रीचे आत्मवृत्त', तसं हे आत्मवृत्त आहे, फक्त बोलणारी बंदूक आहे. ती थकलीये. तिला कुठे लपवून ठेवतात, शेजारी कुठली हत्यारं पडलीयेत, हातातून हातात जाताना तिने काय काय बघितलं, सगळं ती सांगते. आणि मग ठरवते की आता पुरे, यापुढे चालायचंच नाही. मालक भर रस्त्यात घोडा दाबतो आणि ही मुद्दाम अडकते. मालक मरतो. ती जमिनीवर पडते, क्षणभर वाटतं सुटलो, आणि दुसराच कोणीतरी तिला उचलतो. बावीस वर्षांच्या पोराने लिहिलंय हे. उपदेशाची एक ओळ नाही त्यात, आणि तरी बंदुकीविरुद्ध याच्यापेक्षा जोरकस रॅप गाणं मी ऐकलेलं नाही. हे गाणं असलेल्या अल्बमला "विकला गेला" कसं म्हणवतं लोकांना?

बोला आता.

बूमबॅप_बिबवेवाडी

निखिल, गाणं जबरदस्त आहे याबद्दल दुमत नाही पण तू उदाहरण नेमकं प्रीमिअरच्या बीटचं घेतलंस. अख्ख्या अल्बमवर प्रीमिअरचा तेवढा एकच ट्रॅक आहे! म्हणजे तुझ्या बाजूचा सगळ्यात मोठा पुरावा जुन्या टीमकडून आलाय.

मी स्वतः बीट करतो म्हणून बीटवरच बोलतो. प्रीमिअर जुन्या रेकॉर्डमधून अगदी छोटा तुकडा उचलतो, त्याचे अजून तुकडे करतो, एमपीसी या बीट बनवायच्या यंत्राच्या पॅडवर ते उलटसुलट वाजवून नवीनच चाल काढतो. मूळ गाणं ओळखू येत नाही आणि आलं तरी अरे हे असंही वाजू शकतं असं वाटतं. ट्रॅकमास्टर्सची पद्धत वेगळी. ते लोकांच्या आधीच तोंडात असलेली चाल जवळजवळ अख्खी उचलतात. 'स्ट्रीट ड्रीम्स'मध्ये युरिदमिक्सचं १९८३ चं 'स्वीट ड्रीम्स' सरळ हूकमध्ये बसवलंय. 'इफ आय रूल्ड द वर्ल्ड'मध्ये खाली व्होडिनीचं 'फ्रेंड्स' आहे आणि वरची कल्पना कर्टिस ब्लोच्या १९८५ च्या गाण्याची. ऐकणाऱ्याला पहिल्या सेकंदाला ओळखीचं वाटावं हाच हेतू. याला मी आळस म्हणणार नाही, मिक्सिंग स्वच्छ आहे, बेस गोल आहे, गाडीत भारी वाजतो. पण 'इलमॅटिक'मध्ये जी रेकॉर्डची खरखर, ड्रमचा कोरडेपणा, जिन्यातल्या अंधारासारखा आवाज होता तो गेला. रॅप म्हणजे फक्त शब्द नव्हेत रे. शब्द कशावर उभे आहेत तेही बघावं लागतं. मला या अल्बमवर नास ऐकताना बऱ्याचदा वाटतं की हाच व्हर्स (रॅपचं कडवं) त्या जुन्या ड्रमवर असता तर!

पेठेतला_मुकुंद

दोघांचंही पटतंय. मी त्या पिढीतला, ९६ ला कॉलेजात होतो, तेव्हा पुण्यात हे संगीत मिळवायचं म्हणजे परदेशी शिकणाऱ्या कोणाच्या तरी भावाला गळ घालायची, त्याने आणलेल्या कॅसेटवरून कॉपी, त्या कॉपीवरून अजून कॉपी. लिरिक्स वाचायला काही साधन नाही. आम्ही रिवाइंड करून करून वहीत ओळी उतरवायचो. त्यामुळे मला हा अल्बम पहिल्यापासून शब्दांचाच वाटत आलाय, बीटचा चकचकीतपणा चौथ्या कॉपीत उरलेलाच नसायचा.

पण एक संदर्भ इथे यायला हवा. नास एकटाच माफियाच्या गोष्टींकडे वळला असं नाही. ऑगस्ट ९५ मध्ये रेक्वॉनचा 'ओन्ली बिल्ट फॉर क्यूबन लिंक्स' आला, त्यात 'व्हर्बल इंटरकोर्स'वर नास पाहुणा आहे, रेक्वॉनच्या वू-टँग या ग्रुपच्या बाहेरचा माणूस त्यांच्यात असा जाणं हीच तेव्हा बातमी होती. आणि 'इट वॉज रिटन'च्या बरोबर एक आठवडा आधी, २५ जूनला, जे-झीचा पहिला अल्बम 'रीझनेबल डाउट' आला. रेशमी सूट, सिगार, टेबलावर नोटा, आणि मनात अपराधाची टोचणी, हे सगळं न्यूयॉर्कच्या हवेतच होतं. नासने कोलंबियाच्या ड्रग माफियावरून 'एस्कोबार' नाव घेतलं ते त्याच हवेत.

माझा आक्षेप वेगळा आहे. 'इलमॅटिक'वरच्या 'वन लव्ह'मध्ये तो तुरुंगातल्या मित्रांना पत्र लिहितो, त्यातलं प्रत्येक नाव खरं वाटतं, त्याचा जिवलग मित्र इल विल १९९२ मध्ये मारला गेला होता ते दुःख त्या सगळ्या अल्बमखाली वाहतंय. एस्कोबार मात्र उसना घेतलेला आहे. सिनेमातून आलेला. तो कितीही चांगला लिहिला तरी मला तिथे नासचं घर दिसत नाही.

स्वराली_पी

मुकुंददादा, घर दिसतं हो, 'द मेसेज' परत ऐका. स्टिंगच्या 'शेप ऑफ माय हार्ट'मधली ती गिटार, आणि त्यावर पायाला गोळी लागलेला, चिडलेला, घाबरलेला माणूस. तो सिनेमातला डॉन नाहीये. तो बढाई मारतो आणि त्याच दमात दुखावलेला दिसतो. उसना मुखवटा मधेमधे घसरतो तिथेच मला हा अल्बम सगळ्यात जास्त आवडतो.

मला एका वेगळ्याच गोष्टीवर बोलायचंय, ज्यावर या चर्चांमध्ये कोणी बोलत नाही. या अल्बमवरच्या बायका. 'अफर्मेटिव्ह अॅक्शन'मध्ये फॉक्सी ब्राउन आहे, तेव्हा ती सतरा वर्षांची होती, आणि एझेड, कॉर्मेगा, नास या तिघांच्या रांगेत शेवटी येऊन ती ज्या आत्मविश्वासाने बोलते तो ऐकून अंगावर येतं. तिच्या व्हर्समधला तो ड्रग्जच्या मालाचा हिशोब गणिताने जुळत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं हसतायत. पण ज्या वयात आपण बारावीचे क्लास लावतो त्या वयात तिला त्या मोठ्या पुरुषांच्या खोलीत उभं केलं होतं, याचा विचार करा जरा. मला त्यात हसण्यासारखं काही सापडत नाही.

दुसरीकडे 'ब्लॅक गर्ल लॉस्ट'. हेतू चांगला आहे, मुलींना म्हणतोय स्वतःची किंमत ओळखा. पण त्या मुलीला एक ओळ बोलायला मिळत नाही. बंदुकीच्या आत शिरून पाहणारा लेखक मुलीच्या आत का शिरू शकला नाही? निखिल, तू म्हणतोस लेखणी धाडसी झाली. झाली, पण सगळीकडे नाही. इथे ती कचरली असं माझं स्पष्ट मत.

आणि लॉरिन हिल! त्याच वर्षी फेब्रुवारीत तिच्या फ्यूजीज या ग्रुपचा 'द स्कोर' आलेला होता, ती स्वतः शिखरावर होती. तिच्या हूकला "रेडिओसाठीची तडजोड" म्हणणाऱ्यांनी नासचे व्हर्स नीट ऐकलेले नाहीत. तो त्यात म्हणतो की माझं राज्य असतं तर अॅटिकाच्या तुरुंगातली एकेक कोठडी उघडली असती आणि कैद्यांना आफ्रिकेला पाठवलं असतं. अॅटिका म्हणजे जिथे १९७१ मध्ये कैद्यांचा उठाव झाला आणि गोळीबारात माणसं मेली, ते. हे गाणं लग्नात-पार्टीत वाजत होतं. असलं वाक्य एक नंबरच्या अल्बममधून घरोघर पोचवणं याला तडजोड म्हणायचं असेल तर अशा तडजोडी अजून व्हायला हव्यात.

सिंहगडरोडचा_निखिल

स्वराली, 'ब्लॅक गर्ल लॉस्ट'चा मुद्दा मी कधी असा पाहिला नव्हता आणि तो बिनतोड आहे.

बूमबॅपभाऊ, तुमच्यासाठी एक. प्रीमिअर बाजूला ठेवू. 'टेक इट इन ब्लड' घ्या, ना पाहुणा, ना मोठं नाव, ना रेडिओचा हूक. आणि तिथे नासची यमकं बघा, ओळीच्या शेवटी तर आहेतच पण मधेही, एकाच ओळीत तीन-तीन ठिकाणी तेच स्वर परत येतात, आणि वाक्य पुढच्या ओळीत असं वाहत जातं की श्वास त्याने कुठे घेतला ते सापडत नाही. 'इलमॅटिक'मधल्या 'एनवाय स्टेट ऑफ माइंड'च्या तोडीचं लिहिणं आहे हे. जुने ड्रम नाहीत म्हणून ते कानाआड करायचं?

ताडीवाला_४११००१

एवढं सगळं वाचलं. आता माझं ऐका, मी वस्तीतून बोलतोय.

क्वीन्सब्रिजमध्ये तीन हजारांवर घरं आहेत. तिथून एक पोरगा वर आला. पहिल्या अल्बमला सगळ्या शहाण्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, छान छान लिहिलं, आणि पोराच्या हातात काय आलं? मग त्याने दुसऱ्या वेळी ठरवलं की आता चार पैसे मिळाले पाहिजेत, तर तोच गुन्हा? "विकला गेला" हे जो म्हणतो त्याच्या घरी बहुतेक वेळा महिन्याचं भाडं हा प्रश्न नसतो, हे मी बघितलंय.

आपल्याकडे एमसी स्टॅन बघा, आमच्याच ताडीवाला रोडचा. २०२० चा 'तडीपार' आला तेव्हा स्टेशनच्या मागची अख्खी पोरं ते पाठ म्हणत होती, आपली भाषा, आपली शिवी, आपला रस्ता. २०२२ मध्ये दुसरा अल्बम 'इन्सान' आला, त्यात गाणं जास्त, सूर जास्त, ऑटोट्यून भरपूर, आणि लगेच सुरू, बदलला रे, आता आपला राहिला नाही. पुढच्याच वर्षी बिग बॉस जिंकला तेव्हा तर विचारूच नका. आमच्या गल्लीत मात्र तसं कोणी बोलत नव्हतं. तिथे लोक म्हणत होते की आपल्यातला एक टीव्हीवर बसलाय आणि आपल्यासारखाच बोलतोय. मला स्वतःला 'तडीपार' जास्त आवडतो, खरं तेच सांगतो. पण आवडणं वेगळं आणि माणसाने वाढायचंच नाही असा हट्ट धरणं वेगळं.

नासची भारताशी गाठपण इथेच पडते. २०१९ मध्ये त्याच्या मास अपील लेबलची भारतातली शाखा सुरू झाली आणि मुंबईचा रॅपर डिव्हाइन तिचा पहिला मोठा कलाकार. 'गली बॉय'च्या निर्मात्यांमध्येही नासचं नाव आहे. पैसा आणि नाव आलं नसतं तर हा दरवाजा त्याने कसा उघडला असता सांगा.

पेठेतला_मुकुंद

भाऊ, हे मनापासून पटलं. भाड्याचं वाक्य तर फारच. माझा आक्षेप एस्कोबारवर आहे, पैशावर नाही, एवढं नोंदवतो.

कर्वेनगर_लूप

+१ ताडीवाला.

दुसऱ्या अल्बमबद्दल जरा वेगळ्या बाजूने. याच अल्बमवर 'द सेट अप' करणारा हॅवक मॉब डीप या जोडीतला, तोही क्वीन्सब्रिजचाच. मॉब डीपचा पहिला अल्बम 'जुवेनाइल हेल' १९९३ मध्ये आला आणि पडला. दुसरा 'द इन्फेमस' १९९५ मध्ये आला आणि आज लोक त्याच्या शपथा घेतात. फ्यूजीजचंही तेच, पहिला कोणाला फारसा आठवत नाही, दुसरा 'द स्कोर'. म्हणजे पहिला पडला की दुसऱ्याला मोकळं मैदान मिळतं, कोणी मोजपट्टी घेऊन उभं नसतं. नासचा पहिलाच इतका उंच गेला की त्याच वसाहतीतल्या, त्याच काळातल्या पोरांना मिळाली ती मोकळीक त्याला मिळाली नाही. हाच 'इट वॉज रिटन' एखाद्या नव्या नावाचा पहिला अल्बम म्हणून आला असता तर आज आपण त्याला काय म्हटलं असतं?

बूमबॅप_बिबवेवाडी

अभिजात म्हटलं असतं. हे मी मान्य करतो.

तरी 'स्ट्रीट ड्रीम्स'च्या बीटला माफ करणार नाही :) पण 'द सेट अप'चा ड्रम ऐकलात का कोणी? थंडगार. हॅवकने तीन-चारच वस्तू वापरल्यात आणि सगळी जागा नासला सोडलीये. अख्खा अल्बम हॅवक आणि प्रीमिअरने केला असता तर हा धागाच निघाला नसता.

अवांतर : बंदुकीच्या गाण्यावरून, १९९४ मध्ये ऑर्गनाइझ्ड कन्फ्युजनचं 'स्ट्रे बुलेट' आलं होतं, त्यात गोळी बोलते. तेही ऐका. आणि नासच्या गाण्यानंतर रॅपर टुपाकने 'मी अँड माय गर्लफ्रेंड'मध्ये बंदुकीलाच प्रेयसी केलं. एकाच कल्पनेची तीन टोकं आहेत ही. नासची बंदूक एकटीच अशी आहे जिला आपल्या कामाची घृणा वाटते.

स्वराली_पी

टुपाकवरून आठवलं, 'द मेसेज'मधली खोट्या गुंडांवरची ओळ आपल्यावरच आहे असं टुपाकला वाटलं होतं आणि त्यावरून तो चिडून होता. सप्टेंबर ९६ मध्ये एमटीव्हीच्या कार्यक्रमानंतर न्यूयॉर्कच्या ब्रायंट पार्कमध्ये दोघं समोरासमोर आले, बोलले आणि मिटवायचं ठरलं, असं नासने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलंय. त्याच आठवड्यात ७ तारखेला लास वेगासला टुपाकवर गोळीबार झाला आणि १३ तारखेला तो गेला, वय पंचवीस. ज्या उन्हाळ्यात सगळे एक नंबरावर वाजत होते तो उन्हाळा असा संपला. 'आय गेव्ह यू पॉवर' मी त्या तारखांपासून वेगळं काढून ऐकू शकत नाही.

नवखा_श्रोता

नमस्कार सगळ्यांना. मी मराठी माध्यमाचा, रॅप म्हणजे आत्तापर्यंत मराठी आणि हिंदीच ऐकलंय, अमरावतीचा हंड्रेड आरबीएच खूप आवडतो. हा धागा वाचून हा अल्बम ऐकायची फार इच्छा झाली पण त्यांचं इंग्रजी इतकं भरभर आणि सगळं स्लँग, निम्मं डोक्यावरून जातं. कुठून सुरू करू? 'इलमॅटिक' आधी ऐकलाच पाहिजे का?

सिंहगडरोडचा_निखिल

स्वागत आहे मित्रा. 'इलमॅटिक' आधी ऐकायची काही सक्ती नाही, उलट तू मोजपट्टी नसलेला श्रोता आहेस, तुझं मत मला सगळ्यात जास्त ऐकायचंय.

सुरुवात अल्बमच्या इंट्रोपासून करू नकोस. तो गुलामगिरीच्या काळातल्या उठावाचा नाट्यप्रवेश आहे, महत्त्वाचा आहे, पण नंतर ऐक. पहिलं 'आय गेव्ह यू पॉवर' लाव, गोष्ट वर सांगितलीच आहे त्यामुळे शब्द सुटले तरी धागा सुटणार नाही. त्यानंतर 'द मेसेज'. मग 'द सेट अप', त्यात दोन बायकांना पुढे करून शत्रूला जाळ्यात ओढायचा डाव आहे, कोण कोणाच्या बाजूचं ते पहिल्या फेरीत कळत नाही. जीनियस या वेबसाइटवर एकेका ओळीचा अर्थ लिहिलेला असतो, तो समोर उघडून ठेव, पण पहिल्या वेळी न वाचता फक्त आवाज ऐक. हंड्रेड आरबीएचचं वऱ्हाडी आम्हा पुण्यातल्या लोकांनाही पहिल्यांदा सगळं कुठे कळतं, तरी ठेका पकडतोच ना.

शिव्या आणि मारामारी भरपूर आहे, घरात लहान मुलं असतील तर बघून लाव.

ताडीवाला_४११००१

आणि 'इफ आय रूल्ड द वर्ल्ड' शेवटी ठेवू नको रे, आधीच लाव. लॉरिनसाठी.

बूमबॅप_बिबवेवाडी

नवख्या, हेडफोन वापर. मोबाइलच्या स्पीकरवर 'टेक इट इन ब्लड'चा बेस येतच नाही, आणि तो नसेल तर निखिल म्हणतो ती आतली यमकं कुठे पडतायत ते कळणार नाही. ऐकून झालं की इथेच लिही, 'स्ट्रीट ड्रीम्स'वर आपण दोघं बोलू.